पिल्लाआधी पिल्लाची आई

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, आणि तेथील घोडेबाजारात खरेदीसाठी आलेला गृहस्थ, मग तो शहाद्याचा बागायतदार असो की चोपड्याचा व्यापारी, जनावराची ज्या कसोशीने पारख करतो ती पाहून एखाद्या मुरलेल्या वकिलालाही आपली उलटतपासणी फिकी वाटावी. तो जबडा उघडून दातांवरून वय ताडतो, खुरांवर नजर टाकतो, घोडी चालवून, दौडवून, मध्येच थांबवून पाहतो, कंठाखालचे देवमण शोधतो, कोठे अशुभ भोवरा लपला आहे काय याची खातरजमा करतो, आणि एवढे करूनही मनाचे समाधान झाले नाही तर हिची आई कोणाच्या पागेतली व बाप कोणता, ही कैफियत वदवून घेतल्याखेरीज पैशाच्या पिशवीची गाठ सोडीत नाही. (सारंगखेडे आज नंदुरबार जिल्ह्यात मोडत असले तरी १९९८ पर्यंत तो सारा मुलूख धुळे जिल्ह्याचाच होता, तेव्हा त्यावर आमचा खानदेशी हक्क अबाधित आहे.) पश्चिम खानदेशातील ठेलारी मंडळींनी तापीकाठच्या खिल्लार जनावरांचा वाण ज्या डोळसपणाने राखला, तोही याच परंपरेतला. जनावराची निपज आणि त्याचे रक्त यांविषयी आमच्या प्रांताला कोणी नव्याने शहाणपण शिकवावे अशी वस्तुस्थिती नाही.

आणि तरीही याच माणसाच्या जळगावातील रिंग रोडवरच्या किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या घरी जेव्हा ‘कॉकर स्पॅनियल’ आणण्याचे ठरते, तेव्हा हे सारे शहाणपण कोठे जाते हे कळत नाही. परीक्षा संपून मुलांना सुट्टी लागलेली असते. कोणाच्या तरी मोबाईलवर सोनेरी केसांच्या, लांब कानांच्या, ओलसर डोळ्यांच्या पिल्लाचे छायाचित्र येते. त्याखाली ‘हेवी बोन, शो क्वालिटी, विथ पेपर’ एवढा मजकूर असतो. बयाणा रवाना होतो, आणि दोन-तीन दिवसांत मुंबईहून किंवा पुण्याहून रात्रीच्या बसने, भोके पाडलेल्या खोक्यातून, जेमतेम पाच आठवड्यांचा तो जीव सकाळी थांब्यावर उतरतो. याची आई कोठे आहे, ती किती वर्षांची, हे तिचे कितवे वेत, तिचे डोळे कोणी तपासले आहेत काय, असा प्रश्न त्या सबंध व्यवहारात एकदाही उच्चारला जात नाही. माझे म्हणणे एवढेच की पिल्लाकडे पाहून पिल्लू घेऊ नये, त्याच्या आईकडे पाहून घ्यावे. कारण पाच-आठ आठवड्यांचे कोणतेही पिल्लू मोहकच दिसते, आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याच्या वाट्याला जे येणार त्याचा बराचसा हवाला त्या पिल्लात नव्हे, तर त्याच्या मातापित्यांत सापडतो. खाण तशी माती, ही म्हण आपण विवाहसंबंध जुळविताना पुष्कळ वापरतो. ती येथे अधिक निरपवादपणे लागू पडते.

कॉकर हा मुळात शिकारीचा कुत्रा. झाडोऱ्यात दडलेल्या ‘वुडकॉक’ पक्ष्याला उठवून बंदुकीच्या टप्प्यात आणणे हे त्याचे काम, आणि त्या पक्ष्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. इंग्लंडात १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॉकरची स्वतंत्र जात म्हणून नोंद होऊ लागली. पण त्याआधीच तो साहित्यात शिरला होता: कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिचा ‘फ्लश’ नावाचा कॉकर एवढा प्रसिद्ध होता की व्हर्जिनिया वुल्फसारख्या लेखिकेने १९३३ मध्ये त्याचे चरित्रच लिहिले. हा फ्लश मालकिणीबरोबर इटलीत गेला तेव्हा तेथील उष्म्याने आणि पिसवांनी असा हैराण झाला की अखेर त्याच्या सुंदर केसांवर कात्री चालवावी लागली. फ्लोरेन्सच्या उन्हाळ्याने ज्याची ही अवस्था केली, त्याचे वंशज आपण भुसावळ-जळगावच्या वैशाखात आणून ठेवतो, जेथे पारा ४५ अंशांच्या घरात जाणे ही बातमीही राहिलेली नाही.

उन्हाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग. त्याचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि ते ४१ च्या वर चढले की उष्माघाताचे संकट उभे राहते. कॉकर जात्याच खादाड. जेवणाऱ्याच्या मांडीवर हनुवटी ठेवून तो असे काही पाहतो की भाकरीचा तुकडा, शेवेची मूठ, कधी भरिताचा घाससुद्धा त्याच्या तोंडात पडतोच. भरितातला कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात हा एक भाग झाला; दुसरा भाग असा की या लाडाने तो लठ्ठ होतो, आणि लठ्ठ कुत्र्याला आमचा एप्रिल-मे दुप्पट जड जातो. पहाटे मेहरूण तलावाच्या काठाने किंवा पांझरेच्या बाजूने एक फेरी, दिवसभर फरशीवर सावलीत मुक्काम, आणि दिवे लागल्यावर दुसरी फेरी, एवढे वेळापत्रक पाळले तर तो उन्हाळा निभावतो. केस विंचरून मोकळे ठेवावेत, पोटाखालचे व पायांचे कमी करावेत. पण सबंध अंग वस्तऱ्याने गुळगुळीत करू नये, कारण उन्हाची झळ मग थेट कातडीला लागते.

उन्हाळा निभावला तरी पावसाळा उरतो, आणि पावसाळ्यात त्याचे कान. भाद्रपदातल्या एका सकाळी एका स्नेह्यांच्या ओसरीवर त्यांच्या कॉकरचा कान उलटून पाहण्याचा प्रसंग आला होता. वरून तो कान म्हणजे रेशमाची लड. उलटला मात्र, आणि आंबलेल्या पिठासारखा एक दर्प नाकात शिरला. आतली कातडी लालभडक व सुजून जाड झालेली, घड्यांमध्ये तपकिरी मळ साचलेला, आणि कानाच्या मुळाशी नुसते बोट टेकताच त्या मुक्या प्राण्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागलेला. घरच्यांची समजूत अशी की त्याला डोके हलविण्याची सवय आहे. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. ती उभी खाली उतरून मग आत वळते, आणि कॉकरच्या बाबतीत तीवर जड, केसाळ झाकण पडलेले असते, शिवाय त्या नळीत मळ स्रवणाऱ्या ग्रंथीही इतर जातींहून अधिक. ओलावा, ऊब आणि अंधार तिन्ही एकत्र आल्यावर बुरशी व जंतूंना आणखी काय हवे? दुर्लक्ष वर्षानुवर्षे चालले तर नळी आतून जाड होत होत बंद पडते, आणि मग ती नळीच शस्त्रक्रियेने काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्यातच आमच्याकडची आणखी एक तऱ्हा म्हणजे कुसळ. पाऊस ओसरून लळिंगच्या कुरणातले किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे गवत वाळू लागले की त्याची टोकदार कुसळे कॉकरच्या कानाच्या केसांत, बोटांच्या बेचक्यांत अडकतात आणि पुढे पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. आश्विन-कार्तिकात रानातून आलेल्या कुत्र्याने एकाएकी मान एका बाजूला झुकविली तर दिवस न दवडता दवाखाना गाठावा. गोचिडांचेही तसेच. गोचीड ताप हा आपल्या हवेत कुत्र्याचा नित्याचा शत्रू, आणि लांब केसांत गोचीड शोधणे म्हणजे रोजचे काम. हा सारा भाग संगोपनाचा, तो मालकाच्या हाती आहे. पण कानांची ही लांबी, कपाळाची ही गोलाई, डोळ्यांच्या खालच्या पापण्यांचे हे सैल लोंबणे मालकाने केलेले नव्हे. ते पैदास करणाऱ्याने पिढ्यान् पिढ्या निवडून आणलेले आहे. घोडेबाजारातही केवळ भोवऱ्यापायी धडधाकट घोडी नाकारणारे व पंचकल्याणी म्हणून लंगडी पत्करणारे शौकीन असतातच. श्वानप्रदर्शनाच्या रिंगणात कानाची लांबी हीच त्या भोवऱ्याच्या जागी बसली, एवढाच काय तो फरक.

आता जे दिसत नाही त्याविषयी. इंग्लिश कॉकरमध्ये दृष्टिपटल हळूहळू झिजत जाण्याचा एक आनुवंशिक रोग आढळतो. आधी कुत्रा रात्री अडखळू लागतो, अंधाऱ्या जिन्यावर थबकतो. पुढे दिवसाही दिसेनासे होते. खरी दुष्टाई अशी की हे बहुधा तिसऱ्या वर्षानंतर, कधी त्याहूनही पुष्कळ उशिरा उघडकीस येते, आणि तोवर त्या नराकडून किंवा मादीकडून दोन-तीन वेते झालेली असतात. दुसरा रोग मूत्रपिंडाचा: पिल्लू सहा महिन्यांचे होईतो सर्व ठीक, मग ते पाणी फार पिऊ लागते, वाळत जाते, आणि दोन वर्षांच्या आत दगावते. दोन्ही रोगांची तऱ्हा एकच. सदोष अंश आईकडून व बापाकडून असा दोहोंकडून आला तरच रोग प्रकटतो. एकाकडूनच आला तर तो प्राणी स्वतः निरोगी राहतो, पण वाहक ठरतो. दोन वाहकांची जोड लावली तर प्रत्येक पिल्लामागे चारांत एक अशी रोगाची शक्यता. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर त्या वेतात रोगी पिल्लू निपजतच नाही. म्हणून वाहक निघालेला प्रत्येक उत्तम कुत्रा पैदाशीतून बाद करावा असेही नव्हे, कारण तसे केल्याने आधीच आखूड असलेले रक्ताचे वर्तुळ आणखी आखूड होते. फक्त कोण वाहक आणि कोण नाही हे ठाऊक असले पाहिजे.

आणि ते ठाऊक करून घेणे आज मुळीच दुर्घट नाही. गालाच्या आतून कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना किंवा रक्ताचे थोडे थेंब प्रयोगशाळेकडे कुरियरने पाठविले की जनुकीय तपासणीचा दाखला मिळतो. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात गायीम्हशींची गर्दी असते, श्वाननेत्रतज्ज्ञ हवा तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते, हे खरे; परंतु निदान या दोन रोगांपुरती ‘आमच्याकडे सोय नाही’ ही सबब टिकण्यासारखी नाही. नमुन्याला प्रवासाचा शीण होत नाही.

‘पण पेपर आहेत ना!’ असे यावर उत्तर मिळते. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र ही वस्तू निरुपयोगी नव्हे; मात्र ते पत्र म्हणजे वंशाचा उतारा. सातबाऱ्यावरून जमीन कोणाची हे कळते, विहिरीला पाणी किती हे कळत नाही. त्या उताऱ्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो क्वचितच कोणी करून घेतो: आजोबा-आजी, पणजोबा-पणजी यांच्या रकान्यांत तेच ते नाव दोन-तीनदा आले आहे काय, हे त्यावरून पाहता येते. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांत प्रत्येक जनुकस्थानी एकाच पूर्वजाच्या अंशाच्या दोन नकला येण्याची शक्यता २५ टक्के, सावत्र भावंडांच्या जोडीत साडेबारा, चुलत-मावस भावंडांच्या जोडीत सव्वासहा. रूप पक्के करण्यासाठी अशा जोडी लावण्याची वहिवाट जुनी आहे; दडलेले दोषही त्यामुळेच पक्के होतात. इंग्लंडात २००८ साली बीबीसीने ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखविला आणि एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी बीबीसीने ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण सोडून दिले, आणि केनेल क्लबने बाप-लेक, माय-लेक व सख्खी भावंडे यांच्या संततीची नोंद बंद केली.

त्या माहितीपटात मन हेलावणारे चित्र होते ते कॉकरच्या एका चिमुकल्या भाऊबंदाचे, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचे. याची कथा ऐकण्याजोगी आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या चित्रांतून दिसणारे लांब नाकाचे चिमुकले स्पॅनियल पुढे चपट्या नाकाच्या हौसेपायी नाहीसे झाले होते. रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९२६ मध्ये क्रफ्ट्सला २५ पौंडांचे बक्षीस लावले की जुन्या ठेवणीचा कुत्रा आणा. कुत्रा सापडला, १९२८ मध्ये मंडळ स्थापन झाले, १९४५ मध्ये केनेल क्लबची मान्यता मिळाली; परंतु हा सारा संसार मूठभर जनावरांवर उभा राहिला. आज त्या जातीत हृदयाची झडप सैल होण्याचा रोग इतका सार्वत्रिक आहे की दहाव्या वर्षापर्यंत तो टळलेला कुत्रा विरळा, आणि कित्येकांची कवटी मेंदूला अपुरी पडून पाठीच्या मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात, ज्यांच्या वेदनेने तो प्राणी हवेतच मान खाजवीत राहतो. नॉर्वेत हे प्रकरण कोर्टात गेले. २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरविली आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कॅव्हेलियरपुरता तो निर्णय कायम ठेवला. एका लाडक्या, निरुपद्रवी कुत्र्याच्या जन्माला येण्यावरच कायद्याने हरकत घ्यावी, यात दोष त्या कुत्र्याचा तिळमात्र नाही.

आपल्याकडे कायदा नाही असा पुष्कळांचा समज आहे, तो खोटा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वानप्रजनन व विक्रीचे नियम जारी केले. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिला नर दाखवू नये. वर्षात एकाहून अधिक, आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत. आठ वर्षांनंतर तिला या कामातून मुक्त करावे. आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये. म्हणजे बसच्या खोक्यातून उतरणारे ते पाच आठवड्यांचे पिल्लू प्रथमदर्शनीच नियमभंगाचा पुरावा असते. आठ आठवड्यांची ही मर्यादा लहरीने ठरविलेली नाही. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते, लसीचे काम अजून पुरते सुरू झालेले नसते, आणि त्या फटीत पार्व्होसारखा रोग शिरला की रक्ताच्या हगवणीने पिल्लू दोन-चार दिवसांत जाते. शिवाय चावा किती जोराने घ्यावा, कोठे थांबावे, हे भावंडांच्या झोंबाझोंबीत शिकण्याचे आठवडे नेमके हेच.

घरगुती पैदाशीचा गुन्हा मात्र अज्ञानातून घडतो, लोभातून नव्हे. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर कुत्री आजारी पडते,’ असे आमच्याकडे थोरामोठ्यांच्या तोंडून निघते, आणि मग हीटवर आलेल्या कुत्रीसाठी गल्लीतल्याच कोणाचा तरी कॉकर शोधला जातो. मोबदला म्हणून नराचा मालक वेतातले एक निवडक पिल्लू उचलतो. एक वेत झाल्याने कुत्रीला कोणतेही आरोग्य लाभत नाही. गर्भाशयात पू होण्याचे जे प्राणघातक दुखणे मध्यम वयाच्या कुत्रींना होते ते वेताने टळत नाही, अंडाशयासह गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेने टळते. स्तनांच्या गाठींचा संभवही ती शस्त्रक्रिया लवकर केल्यास पुष्कळ घटतो. आणि सहा पिल्ले झाली तर उरलेल्या पाचांचे काय, हा प्रश्न जोड लावण्याआधी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

तेव्हा आई पाहावी. प्रत्यक्ष पाहावी, छायाचित्रात नव्हे. ती पुढे येऊन हात हुंगते की कोपऱ्यात अंग चोरते. हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या. कान उलटल्यावर वास येतो काय. फरशी कोरडी आहे की घाईघाईने धुतलेली. आणि ‘ती सध्या दुसऱ्या घरी आहे’ असे सांगण्यात आले तर नमस्कार करून उठावे. सुट्टीतली खरेदी तर आमच्या हवेत सर्वथा गैरसोयीची. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. चैत्र-वैशाखात व्यालेली कॉकर पिल्लांना ऊब द्यायची की स्वतः धापा टाकायच्या या कचाट्यात सापडते, आणि नवजात पिल्लांना तर स्वतःचे तापमान राखताच येत नाही. समजूतदार पैदासकार पावसाळ्यात जोड लावतो, दिवाळीच्या आगेमागे वेत होते, आणि पिल्ले थंडीत घरोघर जातात. अशा माणसाकडे बहुधा पिल्लू तयार नसते, यादी असते. आपले नाव त्या यादीत घालून थांबावे लागते. शिवाय तो आपल्यालाच प्रश्न विचारू लागतो: दुपारी घरी कोण असते, छप्पर पत्र्याचे आहे की काय, गावाला गेलात तर याला कोणाकडे ठेवाल, आणि उद्या जड झाला तर मलाच परत आणून द्याल असे लिहून देता काय? आमच्या खानदेशी स्वाभिमानाला ही चौकशी पहिल्याप्रथम झोंबते. झोंबू द्यावी, आणि त्याचा शेवटचा प्रश्न, आठवड्यातून दोनदा कान कोण साफ करणार, हा येईल तेव्हा घरातल्या सर्वांनी एकमेकांकडे पाहू नये म्हणून उत्तर आधीच ठरवून जावे.